तिसरा सांधा

सेकंडहँड वॅगनार घेतली, तेव्हा कप्प्यात निघालं ते असं:
पीयूसीची जुनी पावती, केसांचा चिमटा, मऊ पडलेली बडीशेप,
आणि स्टिरिओत खुपसलेला पेनड्राइव्ह.
त्यात गाणी नव्हती. एक बाई होती.

इंजिन चालू केलं की ती पहिल्यापासून सुरू होते.
"वसू, ऐकतेस ना? हे मशीन घेतंय की नाही, मला काही कळत नाही."
मागे कुकर.
टिळकनगरच्या गेटपासून सिग्नलपर्यंत पापडाचं पीठ,
सिग्नलला कुणा अण्णांचा गुडघा,
पूल चढताना, आवाज जरा खाली आणून,
"आणि हो, एक सांगायचं राहिलंच —"

अमर महालच्या पुलावरचा तिसरा सांधा.
धप्प.
दिवे तसेच, काचेवरचे आकडे पळत राहतात,
आवाज तेवढा जातो.
विक्रोळीच्या वळणाला एकदम परत येते ती:
"बरं, ठेवते."

चार महिने असंच.
गाडी कडेला लावून ऐकता आलं असतं.
पण ते म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडणं.
जाता जाता कानावर पडतं त्याचं पाप नसतं,
असं माझं मीच ठरवलेलं.
मग रात्री ते वाक्य पुरं करत पडायची:
लॉकरची किल्ली.
रिपोर्ट आलेत.
वसू, तुझे बाबा तुझे नव्हेत.

शेवटी कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, हनीफ परकारांकडे नेली.
मूळचे म्हसळ्याचे. कानामागे टेस्टर, पेन्सिलीसारखा.
"आवाज जातो म्हणजे कसा जातो? खरखरत, की एकदम मेल्यागत?"
"वाक्याच्या मधेच," मी म्हणाले.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, बोलले नाहीत.

फ्यूज काढून उजेडात धरला. शाबूत.
दाराच्या बिजागरीतली वायर वाकवली, पिळली. काही नाही.
बॅलन्स डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे.
"चौघे एकदम गप होतात ना, मग स्पीकरांचा गुन्हा नाही.
चौघांच्या वर कोणीतरी आहे."
सुफियानला मागे बसवून उड्या मारायला लावल्या.
सीटखालचा अँप्लिफायर. हिरवा दिवा.
उडी. लाल.
उडी. लाल.
परकार गुडघ्यांवर बसले, हात आत घालून चाचपलं,
आणि आतूनच म्हणाले,
"बाई, अर्थ सुटलाय."

मी दचकलेच.
विक्रोळीच्या लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नंबर चिकटवणारी मी,
असल्या शब्दांशी माझा संबंध नाही.
"बोल्ट रंगावरच आवळून ठेवलाय कुणीतरी.
रंगावर अर्थ धरत नाही. उघडा पत्रा लागतो."
पॉलिश पेपरने घासलं त्यांनी,
रुपयाएवढा गोल चमकेपर्यंत.
खाली दातेरी वॉशर. चारशे रुपये, चहा त्यांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी
पीठ झालं, गुडघा झाला,
पूल चढले. खांदे आपोआप आखडलेले.
पहिला. दुसरा.
धप्प.

"— कोथिंबीरवालीचे चाळीस रुपये द्यायचेत माझ्याकडून.
काल सुट्टे नव्हते गं. विसरशील नाहीतर.
गरीब बाई आहे, मागायची नाही."

एवढंच.
मग नळाला पाणी कमी येतं, मग झोप लागत नाही, मग बरं, ठेवते.
हसताना माझा फाटा चुकला,
थेट कांजूरमार्गाहून वळून आले.
वसू कोण, बाजार कुठला, साल कोणतं,
आणि गाडी विकताना हे त्यातच का राहिलं,
यातलं काही परकारांच्या टेस्टरला सापडण्यासारखं नाही.

संध्याकाळी स्टेशनबाहेर जुडी घेतली. दहा रुपये.
पन्नासची नोट टेकवली आणि चालू लागले.
पाठीमागून ती ओरडतेय, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं,
"ओ ताई! ओ ताई, तुमचे चाळीस राहिले!"